मुकादमांचा नंबर शेवटचा

तीस वर्षांच्या नोकरीत चुकीच्या पायाला पट्टी मी एकदाच बांधली. बोरीकडची म्हातारी होती. विळा लागलेला होता उजव्या पायाला, आणि मी गप्पांच्या नादात डावा धुतला, पुसला, मलम लावलं आणि छान पट्टी बांधून दिली. ती उठून लंगडत दारापर्यंत गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की जखम तिच्यासोबत उघडीच चालली आहे.

"आजी, तुमी बोलल्या काऊन न्हाईत?"

"मला काय म्हाईत बापा," ती म्हणाली, "मला वाटलं सरकारात आधी चांगल्या पायाला बांधायची रीत आसंल."

या गोष्टीवर आमचा अख्खा दवाखाना वर्षभर हसला. मीही हसलो, कारण आजीचं काही बिघडलं नाही. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळ अंकाच्या संपादकांना माझ्याकडून असलंच काहीतरी हवं असणार. "शेजाऱ्यावरचं प्रेम, त्यातही न आवडणाऱ्या शेजाऱ्यावरचं, यावर लिहा साळवे मामा. तुमच्या नेहमीच्या ढंगात," असं ते म्हणाले. ढंग आहे तेवढा वापरतो. पण विषय त्यांनी असा दिलाय, की तो फार वेळ पुरणार नाही.

मी ड्रेसर होतो. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. कुठल्या ते लिहीत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात दवाखान्याचा काही दोष नाही. ड्रेसर म्हणजे काय ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. माझ्या सासऱ्यांना लग्न ठरेपर्यंत वाटत होतं की मी कपड्यांच्या दुकानात आहे. डॉक्टर चिठ्ठीवर एक शब्द लिहितात आणि पेशंट व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत पाठवतात. ती खोली टोकालाच असते, वासामुळं. तिथं जखमा धुणं, सडलेलं कापून काढणं, टाके उघडणं, पट्टी बांधणं ही कामं करणारा तो ड्रेसर.

लोक जखमेवर काय काय लावून येतात! चुना, हळद, बिडीची राख. देवगाव फाट्यावरचा एक हॉटेलवाला भाजलेल्या हातावर चहापत्ती थापून आला होता. एका गुराख्याच्या डोक्यातल्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. अशा जखमेत टर्पेंटाइन सोडलं की अळ्या वर येतात, मग एकेक चिमट्यानं उचलायची. ते करताना पेशंटला त्याच्या गुराढोरांचं विचारत राहायचं, म्हणजे त्याचं लक्ष ट्रेकडं जात नाही. निम्मं काम हातांचं, निम्मं तोंडाचं, आणि राहिलेलं नाकाचं. हिशेब चुकला असेल, पण नाकाला वेगळा पगार नव्हता, म्हणून तो भाग जास्तीचा.

या कामातल्या दोनच गोष्टी तुम्हाला सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

एक म्हणजे नंबर. ड्रेसिंगच्या खोलीत जो आधी आला त्याचा नंबर आधी, असं नसतं. ऑपरेशनचे कोरडे टाके, साधी खरचटलेली जखम असे स्वच्छ पेशंट आधी घ्यायचे. पू वाहणारे सगळ्यात शेवटी. नाहीतर एकाची घाण दुसऱ्याला लागते. नियम चांगला आहे. मी तो तीस वर्षं पाळला.

दुसरी गोष्ट साखरेच्या पायाची. शुगर असलेल्या माणसाच्या पायाला कळतच नाही काय टोचलं ते. जखम वरून बोराएवढी दिसते, कोरडी वाटते, आणि पू आत तळव्याखाली साठत जातो. म्हणून असा पाय नुसता धुऊन चालत नाही. टाचेकडून बोटांकडं अंगठा दाबत न्यायचा. प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये बघायचं. दाबल्यावर जखमेच्या तोंडाशी पाणी आलं, की समजायचं आत तळं आहे, आणि डॉक्टरांना हाक मारायची. या कामाला वेळ लागतो, घाण उडते, आणि अधूनमधून पेशंट ओरडतो, कारण पाय बधिर असला तरी पोटरी जिवंत असते.

आता बाबाराव मुकादम.

मानवतला कापसाच्या जिनिंगवर मुकादमी करून ते रिटायर झाले आणि आमच्या गल्लीत घर बांधून राहायला आले. त्यांची आणि आमची भिंत एकच. आवाज असा, की जिनिंगची मशीन चालू असताना पलीकडच्या टोकाच्या हमालाला ऐकू जावा म्हणून देवानं दिलेला. मशीन बंद झाली, आवाज राहिला. आम्ही संध्याकाळी प्रार्थनेला बसलो आणि गाणं सुरू केलं, की भिंतीवरून यायचं, "ओ साळव्या! तुमचा देव बहिरा हाय का?"

मी चांगलं गातो असा माझा दावा नाही. पण घरातल्या गाण्यावर शेजाऱ्यानं बोलावं का?

आणि मग ती चांदणी. नाताळला आम्ही दारात कामट्यांची मोठी चांदणी लावतो. डिसेंबरातल्या वाऱ्यानं पतंगाचा कागद फाटायचा. एका वर्षी मी शक्कल लढवली. कागदाच्या आतून जाळीचं कापड चिकटवलं. जाळीचं कापड कुठलं, ते विचारू नका. मुकादमांनी विचारलं नाही, ओळखलंच. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर असताना त्यांनी ती चांदणी काढली, दोन्ही हातांत धरली आणि भर बाजारातून चालत दवाखान्यात आणली. मोठ्या डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, ह्या चांदणीला काय लागलंय ते बगा. पट्टी तर सरकारी दिसायली."

मला मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता, कापड सरकारीच होतं. पण सिस्टर हसल्या, वॉर्डबॉय हसले, बाकड्यावरचे पेशंट पोट धरून हसले, आणि त्या दिवसापासून मी रिटायर होईपर्यंत 'चांदणीवाले मामा' झालो. चोरी माझी होती. राग मला मुकादमांचा आला.

माझी बायको सुशीला माझ्यापेक्षा बरी ख्रिस्ती आहे. ती म्हणाली, "ज्याचा राग येतो त्याचं नाव रोज प्रार्थनेत घ्यायचं." मी घ्यायला लागलो. "हे प्रभू, आमच्या शेजारच्या मुकादमांना आशीर्वाद दे. त्यांना परभणीला चांगल्या वस्तीत, मोठं, हवेशीर घर मिळू दे."

तिनं एक डोळा उघडला. "हे प्रेम हाय का बदलीचा अर्ज?"

या गोष्टी मी चर्चमध्ये बरेचदा सांगितल्या आहेत. लोक हसतात. इथून पुढचं मात्र आजवर चौघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक आता नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मुकादमांच्या पायाला बाभळीचा काटा लागला. शुगर जुनीच होती. फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कौसाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ओरडून सांगितलं की तुमच्या पायातून रक्त यायलंय. अंगठ्याच्या बुडाशी जखम झाली, चिघळली, आणि मुकादम माझ्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर येऊन बसले.

"काय साळव्या, कापड शिल्लक हाय का समदं चांदणीलाच लागलं?"

सगळं बाकडं हसलं. मी पण हसलो आणि म्हणालो, "मुकादम, तुमचा नंबर शेवटचा. घाण असलेले शेवटी, नियम हाय."

"घाण कोनाला म्हन्तूस?"

"जखमेला."

नियम खरा होता. पण घाण जखमांतही पाच-सहा जण असायचे, आणि त्यांच्यातही मी मुकादमांना शेवटी ठेवत होतो. ते नऊला यायचे आणि साडेबारापर्यंत बाकड्यावर बसायचे. मला आतून बरं वाटायचं. कुणी जाब विचारला तर दाखवायला भिंतीवर नियम लावलेला होता.

त्यांचा नंबर आला की मी बोलत नसे. बाकी सगळ्यांशी मी बडबड करायचो, त्यांच्याशी नाही. तोंड दुसरीकडं ठेवून जखम धुवायचो, मलम लावायचो आणि पट्टी बांधायचो. पट्टी मात्र अशी, की जिल्ह्यात तशी कुणी बांधत नसेल. घोट्याभोवती आठच्या आकड्याचे वेढे, एकसारखे, एकावर एक, कुठं सुरकुती नाही. तक्रारीला जागा राहू नये म्हणून. हा माणूस उद्या हाच पाय उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवील, अशी मला धास्ती होती.

दाबून मात्र बघितलं नाही. पहिल्या दिवशी बघितलं, दुसऱ्या दिवशी बघितलं. नंतर नाही. त्या तळव्यावर अंगठा दाबत न्यायचा म्हणजे पाच-सात मिनिटं तो पाय मांडीवर घेऊन बसायचं, ते ओरडणार, टोमणा मारणार, मी ऐकून घेणार. एवढा वेळ मला त्यांना द्यायचा नव्हता. मी काही ठरवून केलं नाही. रोज 'उद्या दाबू' म्हणत राहिलो. बारा-तेरा दिवस गेले.

एका शनिवारी पट्टी बांधताना ते म्हणाले, "साळव्या, आज पोटरीत ठणका हाय रे. थंडी बी वाजून आली."

त्या दिवशी आवाज हळू होता. टोमणा नव्हता. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं.

"हवा बदलली की होतं," मी म्हणालो. "सोमवारी साहेबांना दाखवा."

"बरं," ते म्हणाले.

एक वाजत आला होता. मला घरी जायची घाई नव्हती. हे मुद्दाम लिहितो, कारण घाई होती असं लिहिलं असतं तर तुम्ही मला सोडून दिलं असतं.

रविवारी चर्चमध्ये वाचनाची पाळी माझी होती. मी वाचलं, चांगलं वाचलं. भिंतीपलीकडं मुकादम तापानं फणफणत होते, आणि त्यांचा आवाज नाही म्हणून मला घरात किती शांत वाटतंय, असं मी सुशीलाला म्हणालो.

सोमवारी त्यांना ऑटोतून आणलं. मी खोलीत होतो, ऑटो फाटकात होता, आणि वास माझ्यापर्यंत आला. त्या दिवशी नंबर कुणी विचारला नाही. माझी पट्टी जशीच्या तशी होती, एक वेढा हललेला नव्हता. पट्टीच्या वर पोटरी निळी पडली होती, आणि बोट ठेवलं तर कातडी पापड मोडल्यासारखी कुरकुरली. तेव्हा मी पट्टी सोडली आणि टाचेकडून अंगठा दाबत नेला. जे बाहेर आलं ते लिहीत नाही. पाय टेबलावर होता आणि मुकादम छताकडं बघत होते. ओरडले नाहीत.

मी पुन्हा पट्टी बांधली आणि साहेबांनी लगेच परभणीला पाठवलं. तिथं पाय गुडघ्याच्या वरून काढला.

त्यांचा मुलगा माधव चार दिवसांनी घरी येऊन सांगत होता, "काका, तिथले डॉक्टर म्हनले, पट्टी कोनी बांधली, लय सुबक हाय. फक्त तळव्यातला पू कसा दिसला न्हाई म्हनून इचारत व्हते. मी म्हनलं, शुगरच तसली, कोन काय करनार?"

"हो," मी म्हणालो. "शुगर वाईट."

एवढंच बोललो. माधवनं माझ्या हाताला हात लावून नमस्कार केला आणि गेला.

प्रभूनं सांगितलेली गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. वाटेत एकाला लुटून, मारून टाकलेलं असतं, आणि देवाची म्हणवणारी दोन माणसं पलीकडच्या बाजूनं निघून जातात. मी ती संडेस्कूलमध्ये कितीतरी वर्षं शिकवली. दोघांपैकी आपण कोण, असं मुलांना विचारायचो. ते दोघं निदान लांबून तरी गेले. जवळ बसून, वाकून, न बघता सुंदर पट्टी बांधून निघून जाणारा कुणी त्या गोष्टीत नाही. मुकादमांना मी कधी शिवी दिली नाही, अंगावर गेलो नाही, त्यांचं वाईट व्हावं असंही मागितलं नाही. मी त्यांच्याकडं नुसतं बघायचं टाळलं, आणि एका माणसाचा पाय जायला तेवढं पुरलं.

त्यानंतर मी रिटायर झालो. मुकादम घरी आले होते, कापलेल्या जागेची जखम भरत नव्हती, रोज दवाखान्यात नेणं जमत नव्हतं. मी स्वतःहून गेलो आणि म्हणालो, "पट्टी मी घरी येऊन करत जाईन." कौसाबाई रडल्या. मी रोज जायला लागलो. आता दाबून बघत होतो. जे उरलं होतं ते.

गल्लीत बोलबाला झाला. चांदणी नेऊन ज्यानं इज्जत घालवली त्याचीच हा सेवा करायलाय! चर्चमध्ये पास्टरसाहेबांनी उपदेशात माझं नाव घेतलं. वैऱ्यावर प्रेम कसं करावं ते आपल्या साळवे मामांकडून शिका, म्हणाले. मला पुढं बोलावून शाल पांघरली. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली होती. लोकांना ती नम्रता वाटली.

शाल खांद्यावर तशीच ठेवून घरी आलो. मुकादम अंगणात बाजेवर बसले होते.

"कशाची रे शाल?"

"चर्चमध्ये दिली."

"कशापायी?"

"तुमची पट्टी करतो म्हणून."

मुकादम हसायला लागले. जुना आवाज, जिनिंगवरचा. "आरं वा! पाय माझा गेला अन् शाल तुला!"

मी शाल काढली, बाजेच्या कडेला बसलो आणि म्हणालो, "मुकादम, तो पाय माझ्यामुळं गेला."

सगळं सांगितलं. नंबर, तेरा दिवस, शनिवार. ते हसायचे थांबले. बाजेच्या सुंभाचा एक पीळ सुटला होता, तो बोटानं उलगडत बसले. कौसाबाई आत भाकरी थापत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"दुसऱ्यांना तू दाबायचास," ते म्हणाले. "मला बाकड्यावर त्यांचं बोंबलनं ऐकू यायचं. माझ्या टायमाला गप बांधायचास. मला वाटायचं, माझी जखम बरी हाय म्हून दाबीत न्हाई. घरी येऊन हिला सांगायचो, साळव्या कसा का आसंना, त्याचा हात लय हलका हाय."

माझ्याच्यानं वर बघवलं नाही.

"मला माफ करा."

"न्हाई."

"मुकादम—"

"न्हाई म्हनलं ना. तुझ्या छातीवरचं तू उतरवलंस अन् माझ्या छातीवर ठिवून चालला. आता ते मी कुठं ठिवू? उठून फेकायला जाता बी येत न्हाई मला."

मी उठलो. फाटकापर्यंत गेलो असेन, तेव्हा मागून हाक आली.

"साळव्या. कौसाला बोलू नको. ती तुला घरात येऊ द्यायची न्हाई, मग पट्टी कोन करील? माधवला रगत बघून चक्कर येती."

"उद्या येऊ?"

"सकाळी ये. चहा-बिहा नंतर घ्यायचा. पयला नंबर माझा."

घरी जाऊन सुशीलाला सांगितलं.  तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतः न जेवता झोपली. दवाखान्यात जाऊन साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मामा, आता तुम्ही रिटायर झालात. पण नवा ड्रेसर आलाय, त्याला दाबून बघायला शिकवून जा." शिकवलं. पुढचे चार महिने आठवड्यातून दोनदा जात होतो. पास्टरसाहेबांना शाल परत द्यायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू क्षमा करतो, साळवे मामा." करत असेल. मी त्यावर विश्वास ठेवतो. पण पाय प्रभूचा नव्हता, मुकादमांचा होता, आणि त्यांनी 'न्हाई' म्हटलं होतं.

त्यानंतर दीड वर्ष मी रोज सकाळी, चूळ भरली की सगळ्यात आधी त्यांच्याकडं जात होतो. तुम्हाला वाटेल, मग आमची दोस्ती झाली असेल. अजिबात नाही. त्यांनी मला एक दिवस सोडलं नाही. पाणी गार आहे, तुझ्या हाताला कांद्याचा वास यायलाय, काल दोन मिनिटं उशीर झाला. मला राग यायचा. खरंच यायचा. वाटायचं, दीड वर्ष झालं, एखादा बरा शब्द बोलायला काय जातं या माणसाचं? मग खाली कापलेल्या जागेकडं बघायचो आणि पट्टी बांधायला लागायचो.

पडून पडून दुसऱ्या, शाबूत पायाच्या टाचेलाही जखम झाली होती. तो पाय मांडीवर घेऊन मी रोज वीस मिनिटं बसायचो. प्रत्येक बोटाच्या फटीत बघायचो, हाताची पालथी बाजू लावून कुठं गरम आहे का ते पाहायचो. करंगळीच्या नखाला जिनिंगवर कधीतरी मार लागून पडलेली भेग होती. घोट्याच्या आतल्या बाजूला तीळ होता. स्वतःच्या पायाला तीळ आहे का, ते मला आजही सांगता येणार नाही. मुकादम मला शेवटपर्यंत आवडले नाहीत, मी त्यांना आवडलो नाही, आणि त्यांचा पाय मला पाठ होता. शेजाऱ्यावर आपल्यासारखं प्रेम करायला सांगितलंय, ते यालाच म्हणत असतील तर मी थोडंसं केलं. नसतील म्हणत, तर मला दुसरं काही जमलं नाही.

तो पाय वाचला. मूत्रपिंडं गेली. यंदा श्रावणात एका सकाळी मी पट्टीचं सामान घेऊन फाटकात पोचलो, तर आतून रडण्याचा आवाज आला.

दहा वाजेपर्यंत मानवतचे पाहुणे आले. अंगणात तिरडी बांधणं सुरू झालं. मी बांबू धरायला वाकलो, तेव्हा माधव जवळ आला. त्याला माझ्याकडं बघता येत नव्हतं.

"काका... कसं सांगावं. बाबा परवाच बोलले. साळव्याला खांदा देऊ द्यायचा न्हाई, म्हनले. मी इचारलं कामून, तर सांगितलं न्हाई. तुमी येवढं केलं, अन् ते आसं... तुमी राग धरू नका."

"राग कसला," मी म्हणालो. "त्यांचं बरोबर आहे."

बांबू खाली ठेवला आणि फाटकाकडं वळलो. गल्लीतली माणसं बघत होती. त्यांना वाटलं असेल, शेवटी जातधर्म निघालाच. मी कुणाला काही सांगितलं नाही. सामानाची पिशवी अजून हातातच होती.

"भाऊ, कुठं निघाले?" कौसाबाई दारात उभ्या होत्या. "आंघोळ घालायचीय. टाचेची पट्टी चिकटलीय, अन् तिला हात लावायला कोनी तयार न्हाई."

"वहिनी, त्यांनी सांगून ठेवलंय—"

"खांद्याचं सांगितलंय. पट्टीचं काय बोलले न्हाईत. या आत."

त्यांना सगळं ठाऊक होतं की नव्हतं, ते मला अजून कळलेलं नाही. मी चपला काढून आत गेलो.

मुकादमांना जमिनीवर ठेवलं होतं. मी पायाशी बसलो आणि पाय मांडीवर घेतला. गार होता, जड होता. काल सकाळी मीच बांधलेली पट्टी, खाली टाचेला सुकून घट्ट बसलेली. मी तांब्या मागितला आणि थोडं थोडं पाणी पट्टीवर सोडायला लागलो. सुकलेली पट्टी ओढायची नसते. ओढली की नवी आलेली कातडी सोलून निघते. मुरू द्यायचं असतं पाणी.

दारात पाहुण्यांपैकी कुणीतरी मनगटावरचं घड्याळ बघत होता. "ओ मामा, ओढा की एकदाची. आता त्याला काय दुखनार हाय?"

मी आणखी थोडं पाणी सोडलं, आणि पट्टी आपली आपण सुटेपर्यंत बसून राहिलो.